हात चेंडूखाली, की चेंडू हातात?

(तृतीय वर्ष कला)

‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य आपल्याकडे रांगोळीच्या स्पर्धेपासून कुस्तीच्या दंगलीपर्यंत प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापलेले असते. माझे त्या वाक्याशी भांडण नाही. कोणाचा तरी निर्णय अंतिम मानलाच पाहिजे. नाही तर एकेक सामना दिवेलागणीपर्यंत चालायचा आणि बाहेरगावच्या संघाची शेवटची एस. टी. निघून जायची. पण निर्णय अंतिम असणे वेगळे आणि तो कोणत्या नियमाने दिला हे खेळाडूला कधीच न कळणे वेगळे. बास्केटबॉलमधील टप्प्यांच्या, म्हणजे ड्रिबलिंगच्या, नियमाबाबत आपल्या भागात हे दुसरे घडते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वार्षिकाच्या पानांत कथाकवितांच्या शेजारी हा शिट्टीचा विषय काहींना रुक्ष वाटेल. त्यांनी पुढचे पान उलटावे. मी मात्र तीन वर्षे गार्ड म्हणून खेळले आहे आणि राज्यशास्त्राच्या तासाला ‘कायद्याचा अर्थ लावणे’ हा शब्दप्रयोग कानी पडला की मला न्यायालयाआधी मैदान आठवते.

ज्यांनी हा खेळ फक्त कुंपणाबाहेरून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेंडू हातात घेऊन पळता येत नाही. पळायचे तर तो जमिनीवर आपटत, टप्पे मारत न्यावा लागतो. दोन्ही हात एकदम चेंडूला लागले, किंवा चेंडू एका हातात जरी विसावला, तरी टप्पे संपले. मग तो दुसऱ्याला द्या, नाही तर रिंगकडे फेका. पुन्हा टप्पे सुरू केले तर नियमभंग, आणि चेंडू प्रतिपक्षाला. नियम एवढाच. आता यातला ‘विसावला’ हा शब्द पाहावा. चेंडू हातात किती वेळ राहिला म्हणजे विसावला? आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकात त्याचे सेकंद दिलेले नाहीत. तळवा चेंडूच्या वर हवा, बाजूला चालेल की खाली गेला तर चूक, याचे मापही या नियमात दिलेले नाही. तेवढी जागा पंचाच्या डोळ्यासाठी मोकळी सोडली आहे. सगळा घोळ त्या मोकळ्या जागेत आहे.

ही मोकळी जागा आजची नाही, ती खेळाच्या जन्मापासूनची आहे. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ काढला, तेव्हा त्यात टप्पे मारणे नव्हतेच. त्यांच्या मूळ तेरा नियमांपैकी तिसरा नियम असा होता की चेंडू घेऊन पळू नये, जेथे झेलला तेथूनच फेकावा. मात्र जो वेगात असताना चेंडू झेलतो आणि थांबण्याचा प्रयत्न करतो त्याला थोडी सूट द्यावी. किती सूट, ते सांगितले नाही. म्हणजे कागदावर शाई वाळण्याआधीच पंचाला अर्थ लावणे भाग पडले! पुढे कोंडीत सापडलेले खेळाडू चेंडू जमिनीवर टाकून स्वतःच पुन्हा घेऊ लागले आणि त्यातून टप्प्यांची कला निघाली. नियमांना ती बरीच वर्षे रुचली नव्हती. १९२७ साली अमेरिकेतील नियम समितीने ‘एका वेळी एकच टप्पा’ असा फतवा काढला. त्यावर देशभरातील प्रशिक्षक चिडून उठले, नेस्मिथ यांचेच विद्यार्थी फॉग ॲलन यांनी पुढाकार घेऊन प्रशिक्षकांची संघटना उभी केली आणि समितीला तो फतवा मागे घ्यावा लागला.

मुलींच्या बाबतीत तर गंमतच आहे; गंमत म्हणायचे आणि सोडून द्यायचे. सेंडा बेरेनसन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजच्या मुलींसाठी या खेळाचे वेगळे नियम केले. मुलींना दम लागेल, त्या धसमुसळ्या होतील, म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले. आपला भाग ओलांडायचा नाही आणि तीनपेक्षा जास्त टप्पे मारायचे नाहीत. अमेरिकेत मुलींना हवे तितके टप्पे मारण्याची अधिकृत मोकळीक १९६६ साली मिळाली. आयोवा राज्यातील शाळांत तर दोनच टप्प्यांचा, सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. तेव्हा टप्प्यांचा नियम हा देवाघरून आलेला नाही. कोणाला किती धावू द्यायचे याविषयीच्या माणसांच्या समजुती त्यात भरलेल्या असतात, आणि समजुती नियमातून गेल्या तरी पंचाच्या मनातून लगेच जात नाहीत.

आता आपल्या मातीकडे येते. माती हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. आमच्या तालुक्यातल्या ज्या मुली बास्केटबॉल खेळतात त्यांतल्या बहुतेकींनी पहिला टप्पा मातीवर मारलेला आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत शाळेच्या पटांगणावर एक लोखंडी खांब, त्याला लाकडी फळी, आणि जाळी नसलेली रिंग. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा. अशा जमिनीवर चेंडू सरळ वर येत नाही. कधी ढेकळाला लागून तिरका उडतो, कधी भुसभुशीत जागी पडून गुडघ्याच्या वर येतच नाही. मग मुलगी काय करते? हात बाजूने खाली घालून चेंडूला जरा उचलते, सावरते आणि पुन्हा दाबते. तिला कोणी ते शिकवलेले नाही. जमिनीने शिकवले आहे. सिमेंटच्या किंवा लाकडी मैदानावर चेंडू आपणहून तळव्याला येऊन भेटतो, तिथे तळवा वर ठेवणे सोपे. मातीवर चेंडूला बोलवायला खाली जावे लागते.

हे मी कौतुकाने सांगत नाही आणि सवलत मागण्यासाठीही नाही. जमीन खराब असली की टप्पा बिघडतो याचा सर्वांत मोठा दाखला ऑलिंपिकमध्येच आहे. १९३६ साली बर्लिनला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. म्हातारे नेस्मिथ तो पाहायला हजर होते. (त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?) अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, टप्पे मारणे अशक्य झाले, आणि अमेरिकेने कॅनडाला हरवले ते अवघ्या १९ विरुद्ध ८ गुणांनी. जगातले उत्तमातले उत्तम खेळाडू चिखलात टप्पा विसरले. आमच्या पोरी तर जन्मभर त्यातच खेळतात.

गेल्या एका हंगामात बाहेरगावी झालेल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यातली गोष्ट. गाव आणि स्पर्धा यांची नावे सांगत नाही; त्यांच्याशी माझे वैर नाही. आमच्या संघात अशाच एका पायथ्याच्या गावची मैत्रीण आहे. चपळ इतकी की सरावात तिला अडवायला दोघी लागतात. पहिल्या दिवशीच्या पंचांनी तिच्यावर एकदाही शिट्टी मारली नाही आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी दुसरे पंच होते. तिने तिसरा टप्पा मारला आणि शिट्टी. पुन्हा चेंडू घेतला, पुन्हा शिट्टी. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काय जायं?” मला तरी काय ठाऊक! मी कर्णधार. चेंडू मृत असताना कर्णधाराने सभ्यपणे पंचांना विचारावे अशी नियमात सोय आहे, म्हणून मी जाऊन विचारले, “सर, नेमके काय चुकते आहे?” उत्तर मिळाले, “हात खाली जातो. जा, खेळा.” ठीक. पण समोरच्या संघाची गार्ड, मोठ्या शहरातली, तिचाही हात खाली जात होता. ती चेंडू कमरेशी घेऊन क्षणभर झुलवायची, आमची मुलगी थबकायची, आणि मग ती बाजूने निघून जायची. त्यावर शिट्टी नाही, उलट मंडपातून टाळ्या. मध्यंतरानंतर आमच्या मैत्रिणीने चेंडू घेणेच सोडले. हातात आला की लगेच दुसरीकडे ढकलायची. आम्ही हरलो, ते असो. हरणे आम्हाला नवीन नाही. पण परतीच्या गाडीत ती म्हणाली की आपल्याला टप्पे मारता येत नाहीत. ज्या मुलीला तेच सर्वांत चांगले येते तिने असे म्हणावे, हे मला सहन झाले नाही. या लेखाचे कारण तेवढेच.

त्या दिवसापासून मी हा नियम कशासाठी आहे याचा विचार करते आहे. टप्प्यात चेंडू थांबवू नये असे का म्हटले? चेंडू हातात थांबला की रक्षण करणाऱ्या खेळाडूला वाटते, हिचे टप्पे संपले. आता ही फेकणार किंवा देणार. म्हणून ती पुढे सरते, हात वर करते. आणि तेवढ्यात समोरची पुन्हा टप्पा मारून निघून गेली तर ती रक्षक फसवली गेली. ही फसवणूक चापल्याची नव्हे, नियमाच्या आडून केलेली आहे. टप्पे घेणारीला मोकळे धावता येते त्याची किंमत म्हणून प्रत्येक टप्प्याला चेंडू तिच्या हातून सुटावा लागतो, आणि त्या सुटलेल्या क्षणी तो हिसकावण्याचा हक्क रक्षकाला मिळतो. चेंडू झुलवत ठेवणारी तो क्षणच खाऊन टाकते. असे पाहिले तर त्या सामन्यात शिट्टी कोणावर वाजायला हवी होती? आमची मैत्रीण हात खाली घालत होती, पण चेंडू थांबत नव्हता. कोणी फसत नव्हते. शहरातली गार्ड चेंडू थांबवत होती आणि आमची रक्षक प्रत्येक वेळी फसत होती. पंचांनी हात पाहिला, चेंडू पाहिला नाही. चेंडू पाहिला असता तरी रक्षक पाहिली नाही.

आमचे एक प्राध्यापक, ज्यांना मी हे बोलून दाखवले, म्हणाले, “हेतू पाहत बसलात तर नियम उरत नाही. हात खाली गेला की शिट्टी, सर्वांना सारखी.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सर्वांना सारखी वाजली असती तर मीही गप्प बसले असते. पण सारखेपणा कशाचा, हे आधी ठरायला हवे. नियम म्हणतो चेंडू विसावता कामा नये. हात खाली जाता कामा नये असे तो म्हणत नाही. पंच जेव्हा पुस्तकात नसलेली खूण धरून चालतो तेव्हा तो कडक होत नाही, तो नवा नियम करतो. आणि उलट बाजूने, नियमपुस्तकातच पंचाला सांगितले आहे की नियमाचा आत्मा आणि उद्देश लक्षात घ्यावा, सामान्यबुद्धी सातत्याने वापरावी, आणि ती वापरताना त्या सामन्यातील खेळाडूंची कुवत ध्यानात ठेवावी. माझ्या मते फार शहाणे कलम आहे ते. दुर्दैवाने आपल्याकडे त्याचा अर्थ उलटा लागतो. ज्याचा खेळ सफाईदार दिसतो त्याची चूक ‘कौशल्य’ ठरते आणि ज्याचा खेळ ओबडधोबड दिसतो त्याचे कौशल्यही ‘चूक’ ठरते.

हा केवळ खानदेशचा रोग नाही. अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये १९९६-९७ च्या हंगामात ॲलन आयव्हर्सन नावाचा पहिल्याच वर्षाचा खेळाडू चेंडू एका बाजूला झुलवून दुसऱ्या बाजूने निघून जायचा. प्रत्यक्ष मायकेल जॉर्डनला त्याने असे चकवले. हात चेंडूखाली जातो अशी ओरड झाली. तिथल्या नियमात तर हात चेंडूखाली घालून तो एका जागेवरून दुसरीकडे वाहून नेणे किंवा क्षणभर थांबवून पुन्हा टप्पा मारणे स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. तरीही आज जगभरची पोरे मोबाइलवर पाहून तेच करतात. आपल्या शहरातल्या गार्डने ते तिथूनच उचललेले असणार. तिचा राग मला नाही. पडद्यावर पाहिलेली चूक पंचाच्या डोळ्याला ओळखीची झाली आहे, ती त्याला खटकत नाही. मातीतून आलेली सवय त्याने कधी पाहिलेली नसते, म्हणून ती लगेच खटकते. डोळा परिचयाने आंधळा होतो तो असा.

याखेरीज काही शिट्ट्या अशा असतात की ज्यांना अर्थ लावणे म्हणताच येणार नाही, ते निव्वळ अज्ञान आहे. पास घेताना चेंडू हातातून निसटला, पुन्हा पकडला आणि मग टप्पे सुरू केले, तर ते चालते. निसटणे म्हणजे टप्पा नव्हे. तरी ‘डबल’ म्हणून शिट्टी वाजते. प्रतिस्पर्ध्याचा हात लागून चेंडू सुटला तर पुन्हा टप्पे मारण्याचा हक्क नव्याने मिळतो, तिथेही वाजते. लांब टप्पा टाकून त्यामागे पाच पावले धावले की बाहेरून सगळे ‘ट्रॅव्हलिंग’ म्हणून ओरडतात आणि पंच त्या ओरडण्याला बळी पडतात. चेंडू हाताला लागलेला नसताना किती पावले टाकावीत याला नियमात मर्यादाच नाही! टप्पा खांद्याच्या वर गेला म्हणून शिट्टी मारणारेही मी पाहिले आहेत. हे कोणत्या पुस्तकातले, ते विचारायची सोय नसते.

पंचांची बाजू मी विसरलेली नाही. तळपत्या उन्हात सकाळपासून चार-चार सामने, मानधन म्हणायचे तर प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ, आणि दोन्हीकडच्या समर्थकांचे शब्द ऐकायचे ते वेगळेच. मोठ्या स्पर्धेत तीन पंच असतात. आपल्याकडे दोन, आणि एक चहाला गेला की एकच. टप्पे मारणारीवर बहुतेक वेळ मागे राहिलेल्या पंचाची नजर असते. तिच्या पाठीमागून चेंडू दिसतो का, याचा विचार बाकावर बसून शिव्या देणाऱ्यांनी जरूर करावा. न दिसलेल्या चुकीवर शिट्टी न मारणे हा दोष नाही. न दिसलेली चूक अंदाजाने मारणे हा मात्र आहे.

कबड्डीवर वाढलेल्या आपल्या जिल्ह्याला हा पेच नवा वाटू नये. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की नाही हे पंचाच्या कानावरच असायचे. गावच्या पोराचा दम तुटत नाही आणि पाहुण्याचा मात्र नेमका मध्यरेषेजवळ तुटतो, असे म्हणून किती सामने उधळले गेले असतील! २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले आणि कानाचे बरेचसे ओझे घड्याळाने घेतले. टप्प्याला असे घड्याळ लावता येत नाही. चेंडू तळव्यात किती क्षण राहिला ते माणसानेच पाहायचे आहे, आणि म्हणून पाहणारा माणूस कसा तयार होतो याला महत्त्व आहे.

मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाटीच्या वस्तीतून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू निघाला, भारताचा कर्णधार झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. त्या त्या ठिकाणी मैदान होते, आणि मैदानाभोवती नियम जाणणारी माणसेही होती. चोपड्याहून असे कोणी निघेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण पायथ्याच्या गावातून आलेली मुलगी निदान आपल्याला काय येते हे तरी खरे जाणून घरी जावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. क्रीडा विभागाने आपल्याकडे होणाऱ्या यंदाच्या सामन्यांपासून एक पद्धत सुरू करावी: चेंडू वर उडण्याआधी पंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावून टप्प्याबाबत आपण काय धरणार आणि काय सोडणार ते दोन मिनिटांत करून दाखवावे. शब्दांनी नव्हे, चेंडू हातात घेऊन. पहिल्या पाच मिनिटांत जे धरले तेच शेवटच्या मिनिटाला धरावे. कडक असा, आम्ही कडकपणाला सरावू. पण दोन्ही रिंगांकडे सारखे असा. नियमपुस्तकाचे सोप्या मराठीत भाषांतर करून त्याच्या प्रती जिमखान्यात आणि ग्रंथालयातही ठेवाव्यात. आमच्या मराठी विभागातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात, त्यांनी हे काम घ्यावे. टप्प्यांच्या कलमासाठी मी बसायला तयार आहे. आणि ज्या मुली तीन वर्षे खेळून बाहेर पडतात त्यांच्यापैकी दोघी-तिघींनी तरी पंच-परीक्षेला बसावे. मातीवर टप्पा कसा पडतो हे ज्यांच्या तळव्याला माहीत आहे अशांच्या तोंडात शिट्टी आली तर पुष्कळ फरक पडेल. मी स्वतः अर्ज आणला आहे. त्या मैत्रिणीसाठीही एक आणला आहे. तिने तो अजून भरलेला नाही, वहीत घडी घालून ठेवला आहे.